नवी आवृत्ती निघणार नाही

कोल्हापूरला निघायच्या सकाळी ह्यांनी एकामागून एक तीन शर्ट घालून पाहिले. तिन्ही सैल होत होते. शेवटी निळ्या चौकड्यांचा ठेवला आणि मी कॉलरच्या मागे आतून एक टाका घातला.

"दिसतंय का?" आरशात बघत त्यांनी विचारलं.

"काय, टाका?"

"आजारपण."

"नाही," मी म्हटलं. "प्रवास करून आल्यासारखे दिसता."

"अजून निघालोही नाही," ते म्हणाले आणि भाषणाचे कागद खिशात घातले.

हे म्हणजे विद्याधर भाटकर. रत्नागिरीत मारुती आळीत छत्र्यांच्या दुकानावर माळा होता, तिथे त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, वडिलांनी तिथे नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला काळ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक टिंब होतं, बाकी काही नाही. "ते तुमची वाट बघतंय," सर म्हणाले. "काय हवं ते सांगा. नीट सांगितलंत तर नीट देईल." त्या भाषेचं नाव तेव्हा फॉक्सबेस होतं, पुढे फॉक्सप्रो झालं. माहितीच्या नोंदी ठेवायच्या, हव्या त्या शोधायच्या, हव्या तशा मांडायच्या, एवढंच तिचं काम. पण ते ती इतक्या झटकन करायची की मला आमच्या नात्यातल्या सुगरण बायका आठवायच्या.

वर्षभराने आमचं लग्न झालं. 'सर' म्हणायचं सुटलं आणि 'अहो' सुरू झालं. नावाने हाक मारायला ते खूपदा सांगायचे, पण माझी जीभ वळली नाही.

आम्ही दोघांनी मिळून गावातल्या ग्रंथालयाचा प्रोग्राम लिहिला, प्रसूतिगृहाचा लिहिला, बर्फाच्या कारखान्याचा, आंब्याची कलमं विकणाऱ्या रोपवाटिकेचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांचं, प्रोग्राम लिहायचं हळूहळू माझंच झालं. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल जे बोलायचं, रडायचं होतं ते आम्ही लवकर उरकून घेतलं. नंतर घरात कामाच्या गप्पा असायच्या आणि त्या पुरायच्या. मला तरी पुरायच्या.

दोन हजार सात सालच्या सुरुवातीला त्यांची भूक गेली. मिरजेला नेलं, तपासण्या झाल्या, पोट उघडून बंद केलं. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. भला माणूस होता. "यापुढे बरं करणारं औषध नाही," ते म्हणाले. "पण आम्ही सोडून देणार नाही. दुखणं कमी ठेवू. जितकं सांभाळता येईल तितकं सांभाळू." मी बाहेर आले. हे बाकावर बसले होते. मी सांगितलं, "ताकद आली की पुढचं औषध देणार आहेत. तोवर खायचं-प्यायचं, मजेत राहायचं." त्यांनी मान हलवली.

कोल्हापूरचा मेळावा त्याआधीच ठरलेला होता. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी भागात आमच्यासारखे फॉक्सप्रोवर जगणारे बरेच जण होते. वर्षातून एकदा जमायचे, जेवायचे, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवल्याबद्दल तक्रारी करायचे. मेळावा भरवणारे राजशेखर मगदूम. त्यांनी ह्यांना विषय दिला होता, 'फॉक्सप्रो : इतिहास आणि भविष्य'. मला वाटत होतं, मिरजेहून आल्यावर हे नाही म्हणतील. ते उलट रोज सकाळी पाठीला उशी लावून लिहीत बसायचे. मी खोलीत गेले की कागद पालथे करायचे. मार्चमध्ये घरातलं इंटरनेट बंद पडलं. "लाइनमध्ये बिघाड आहे, तक्रार केलीय," ते म्हणाले. मला तेव्हा इंटरनेटचं काय पडलं होतं?

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. आंबा घाटात त्यांना मळमळलं, दोनदा थांबावं लागलं. ड्रायव्हर समजूतदार होता, काही विचारलं नाही.

हॉलच्या दारातच मगदूम भेटले. ह्यांना खुर्चीवर बसवून ते माझ्याकडे आले. अंगाने भारदस्त माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले होते.

"वहिनी, फार वाईट झालं बघा. ऐकल्यापासून मला जेवण गोड लागंना."

मी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे, सगळीकडं झालंय की. कंपनीनंच जाहीर केलंय."

"कसली कंपनी?"

आता तेच गोंधळले. "फॉक्सप्रोची. पुढची आवृत्ती निघणार नाही म्हणून सांगितलंय त्यांनी. मार्चमध्येच. आहे ती काही वर्षं सांभाळणार, चुका सापडल्या तर दुरुस्त करून देणार. पण नवीन काही नाही. संपलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी एका बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. जवळजवळ हेच शब्द मी मिरजेला ऐकले होते.

"ह्यांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"त्यांनीच तर मला फोन केला. त्याच दिवशी. म्हणाले, कुंदाशी बोलू नका, मी सांगतो तिला." मगदूमांनी ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. "विषय बदलू या, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, विषय हाच पाहिजे."

म्हणजे लाइनमध्ये बिघाड नव्हता. तार ह्यांनीच काढून ठेवली होती. मला बातमी कळू नये म्हणून. मला राग यायला हवा होता, पण समोर ते पंख्याखाली बसून रुमालाने मान पुसत होते आणि कॉलर पुन्हा सैल झाली होती.

भाषणाला ते उभे राहिले नाहीत, बसूनच बोलले. पहिली पंधरा-वीस मिनिटं हॉल नुसता हसत होता.

"अमेरिकेत अंतराळयानांच्या प्रयोगशाळेत एक माणूस कामाला होता," त्यांनी सुरुवात केली. "ऑफिसात फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लागायच्या. ती पैज जिंकायला त्याने सामन्यांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला. आपल्या सगळ्यांची पोटं भरणाऱ्या भाषेचा जन्म हा असा आहे. जुगारातला."

"पैज जिंकला का तो?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते मला कुठे सापडलं नाही. पुढे ती विकायला काढली तेव्हा नाव दिलं, डीबेस दोन. एक कधी बाजारात आलाच नव्हता. पण पहिलंच आहे म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकतं. आपण तरी पहिल्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं होतं? असे बरेच प्रोग्राम बसवलेत म्हणूनच ना?"

लोक खो खो हसले. मग ओहायोतल्या एका गावातल्या छोट्या कंपनीने तीच भाषा कशी आणखी वेगवान केली आणि तिचं नाव कोल्ह्यावरून कसं ठेवलं, ते त्यांनी सांगितलं. पुढे ती कंपनी एका बलाढ्य कंपनीने विकत घेतली. "आपल्याला वाटलं, मुलगी मोठ्या घरात पडली," ते म्हणाले. "पण त्या घरात आधीच दोन-तीन सुना होत्या. लाडक्या."

मग ते पाणी प्यायले. कागद खिशात ठेवून दिले.

"आता भविष्य. डिसेंबरात विषय घेतला तेव्हा मी बरंच काही बोलणार होतो. आता एका वाक्यात होईल. भाषेला भविष्य नाही. तुम्हाला आहे. तुमची वयं आहेत. नवीन शिका. वाटतं तितकं अवघड नाही, मी महिनाभर पुस्तकं मागवून वाचतोय. माहितीची टेबलं तीच, नोंदी त्याच. नुसती विचारायची पद्धत बदलते."

त्यांनी माझ्याकडे हात केला.

"आणि एक विनंती आहे. ही माझी बायको, कुंदा. आमची सगळी गिऱ्हाइकं हिच्या प्रोग्रामवर चालतात, मी नुसता बोलायला जातो. हिला ही बातमी मी सांगितली नव्हती, आज इथेच कळली असेल. तेव्हा घरी गेल्यावर माझं काही खरं नाही." थोडे लोक हसले. "नवीन सगळं मी हिला शिकवणार आहे. तेवढं होईल असं वाटतं. पण नाही झालं, तर पुढचं तुमच्यापैकी कुणीतरी..."

मगदूम उठले, म्हणाले, "सर, शब्द दिला. आता चहा घेऊ."

मी मात्र त्या 'नाही झालं तर'पाशी अडकले होते. ह्यांनी माझ्यापासून लपवलेलं एक दुखणं आणि मी ह्यांच्यापासून लपवलेलं दुसरं, अशी दोन्ही हे एका दमात बोलून मोकळे झाले होते.

परतताना घाटात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर टपरीकडे गेला. आम्ही रस्त्याच्या कडेला दगडी कठड्यावर बसलो. ऊन उतरलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"कशाचं?"

"उगाच विचारू नका."

"मिरजेलाच. डॉक्टरांच्या खोलीतून तू बाहेर आलीस आणि मला म्हणालीस, ताकद आली की पुढचं औषध. मग म्हणालीस, चला, उसाचा रस पिऊ या. तुला उसाचा रस आवडत नाही. आपल्या लग्नापासून तू कधी प्यायली नाहीस. तिथे उभं राहून तू अख्खा ग्लास प्यायलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं नीट सांगितलं होतंस. मोडवेना."

मी रडले नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. "तिथे चारचौघांत मला कुणाच्या तरी पदरात टाकत होतात," मी म्हटलं. "मला नाही शिकायचं काही."

"मग काय करशील?"

"तुमच्याजवळ बसेन."

"बस की. बसूनच तर शिकायचं असतं."

"अहो, मला तुमच्याशी बोलायचंय. भाषा-बिषा नको. जे दिवस असतील ते..."

"कुंदा," ते म्हणाले, "मला दुसरं काही बोलता येत नाही गं. इतक्या वर्षांत कधी आलं का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ड्रायव्हर चहा घेऊन आला, मग आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तार जोडली आणि शिकवणी सुरू केली. नवीन डेटाबेस, त्याची एसक्यूएल नावाची भाषा, मग तो ब्राउझरमध्ये कसा दाखवायचा ते. महिन्याभरात त्यांनी स्वतः जे वाचलं होतं ते मला द्यायचं होतं. सकाळी पेज प्यायली की खुर्चीत बसून, दुपारनंतर पलंगावर आडवे होऊन. मांडीवर लॅपटॉप माझ्या. ते डोळे मिटून सांगायचे, मी टाइप करायची आणि काय उत्तर आलं ते वाचून दाखवायची. क्लासमध्ये शिकवायचे तसेच शिकवायचे, ना आवाज चढवायचा, ना घाई करायची. मी मनाविरुद्ध बसले होते, पण ते शिकवायला लागले की मला कळायला लागायचं. त्याला माझा इलाज नव्हता.

मे महिन्यात एकदा दिवसभर चाललेला एक अवघड भाग मी एका दमात बरोबर लिहिला. त्यांनी डोळे उघडून पडदा पाहिला. "हे झालं," ते म्हणाले. अशा सुरात, जणू डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतला. उशीवर डोकं टेकलं, भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशी अंग उचलवेना. मी हाक मारली तर म्हणाले, "आता थोडंच राहिलंय. होईल."

त्यांना शिकवणी म्हणायची होती. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस शिकवायचं संपेपर्यंत थांबलाय.

त्या दिवसापासून मी चुकायला लागले.

आधी स्वल्पविराम विसरायची. ते लगेच सापडायचं, म्हणून मग मोठ्या चुका करायला लागले. दोन टेबलं जोडायचा भाग होता, त्यात अडकले आणि अडकूनच राहिले. ग्रंथालयाचं उदाहरण घेऊन ते समजवायचे. एका टेबलात सभासद, दुसऱ्यात नेलेली पुस्तकं. एका साध्या जोडणीने ज्यांनी पुस्तक नेलंय तेवढेच सभासद दिसतात. पण सगळे हवे असतील, एकही पुस्तक न नेलेले सुद्धा, तर दुसऱ्या प्रकारची जोडणी करायची. मग पुस्तक नसलेल्या सभासदापुढे रिकामी जागा येते, पण सभासद यादीतून जात नाही.

"कळलं?"

"रिकामी जागा कुठे येते?" मी विचारायची.

"उजवीकडे."

"आणि सभासद?"

"तो राहतो." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ह्या चुकांवर त्यांनी मे काढला, जून काढला. पेज थोडी घ्यायला लागले. दुखणं वाढलं तसं डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वाढवलं, त्याने झोप यायची, पण उठले की पहिला प्रश्न असायचा, "कुठे होतो आपण?"

जूनच्या शेवटी मगदूम भेटायला आले. हे झोपलेले होते. मी चहा टाकायला आत गेले, येऊन बघते तर मगदूम माझ्या लॅपटॉपपुढे वाकलेले. प्रसूतिगृहाचा अख्खा प्रोग्राम मी नव्यात उतरवायला घेतला होता, हे झोपायचे तेव्हा करायची. तो उघडा राहिला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "हे माझ्या पोरांना जमत नाही. तुम्हाला तर सगळं येतंय. मग सर मला फोनवर का म्हणाले, की कुंदा अजून जोडणीतच अडकलीय?"

"हळू बोला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. नंतर ह्यांना जाग आली, तेव्हा मी दोघांना बोलत सोडून औषधं आणायला गेले.

ते श्रावण लागायच्या आत गेले. त्यानंतर मी आमची सगळी गिऱ्हाइकं एकेक करून नव्यावर नेली. कंपनीने सांगितलेली वर्षं संपायच्या कितीतरी आधी माझ्याकडे फॉक्सप्रोवर चालणारं काही उरलं नव्हतं. मगदूमांनी शब्द पाळायला अनेकदा फोन केले. पण मला त्यांना विचारायचं असं काही नव्हतं. जे यायला हवं होतं ते सगळं येत होतं. मला आज लोक विचारतात, त्या काळात रत्नागिरीत बसून तुम्ही हे शिकलात कुठे. मी म्हणते, घरी.

पण त्या एका दुपारचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मगदूम येऊन गेल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. बाहेर पावसाने वीज गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर होता. त्यांचा आवाज बारीक झाला होता, मला पलंगावर वाकून ऐकावं लागायचं.

"सभासदांची यादी काढ," ते म्हणाले. "सगळ्यांची. पुस्तक न नेलेल्यांची पण."

मी लिहिलं. चुकीचं लिहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बराच वेळ वाचलं. डोळ्यांवर औषधाची झापड होती तरी एकेक शब्द वाचला.

"चुकलं," ते म्हणाले.

"हो का? कुठे?"

"तुला दिसत नाही?"

"नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मगदूमनं सांगितलं मला. तू काय काय केलंयस ते."

लॅपटॉप बंद करावा की काय करावं ते सुचेना. घाटात त्यांच्यावर चिडले होते, त्या सगळ्याचा जाब आता ते मला विचारतील असं वाटलं. मग त्यांनी हात लांब केला, तो पडद्यापर्यंत पोचेना, म्हणून माझ्या मनगटावर ठेवला.

"पूस ते," ते म्हणाले. "परत पहिल्यापासून सांगतो."

मी पुसलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ ओले केले आणि सुरुवात केली. "हे बघ. एक टेबल असतं..."

"हं," मी म्हटलं, आणि जवळ सरकून बसले.